कोल्हापुरात मुद्राचित्रांचं गट-प्रदर्शन: कागद फाडण्यापासून हिशेब मिटेपर्यंत

कोल्हापूरच्या माणसाला चित्र नवीन नाही. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या गावात निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं बघून डोळे तयार झालेले असतात. पण याच प्रेक्षकासमोर लिनोकट (लिनोलियमवर कोरलेल्या ठशाची छाप) किंवा एचिंग (रसायनाने रेघा खोदलेल्या धातूच्या प्लेटची छाप) टांगलं की दोन प्रश्न हमखास येतात. 'हे छापील आहे होय?' आणि 'पंधरा प्रती आहेत, मग ओरिजिनल कुठली?' मुद्राचित्रांच्या, म्हणजे ठशावरून हाताने छापलेल्या चित्रांच्या, प्रदर्शनाची आखणी या दोन प्रश्नांपासूनच सुरू करावी. त्यांची उत्तरं तोंडी देत बसलात तर आठवडा त्यातच जाईल. ती लेबलवर, टेबलावर आणि नोंदवहीत आधीच तयार हवीत.

खालचं गणित बारा जणांचा गट धरून मांडलं आहे. आठ जण असाल तर त्या प्रमाणात कमी करा. अठराच्या वर मात्र जाऊ नका, एवढ्या जणांच्या प्रती एका मुदतीत कधीच हातात येत नाहीत.

तारीख

दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनाचं कलादालन सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच ते लवकर भरतं. तारीख मिळाल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर टाळावेच. दमट हवेत कागद लाटांसारखा फुगतो, काचेच्या आतून बाष्प धरतं आणि पांढऱ्या समासावर बुरशीचे तपकिरी ठिपके उठतात. नवरात्रात महाद्वाराकडच्या गर्दीने गाडी लावायला जागा नसते आणि दसऱ्याचा सोहळा तर दालनासमोरच्या चौकातच होतो. टाऊन हॉल बागेत रंगबहार संस्थेची मैफल भरते, तिचीही तारीख पाहून घ्या. त्याच रविवारी उद्घाटन ठेवलंत तर गावातले चित्रकार तिकडे असतील.

जानेवारीतलं प्रदर्शन धरलं तर गणपतीच्या आधी माप ठरून कागदाची ऑर्डर गेलेली हवी. दसऱ्यापर्यंत प्रत्येकाचं मंजूर प्रूफ (पुढच्या प्रती जिच्याशी जुळवायच्या ती चाचणीची छाप) यावं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात छपाई बंद. उरलेला महिना वाळवणं, सह्या आणि माउंटला (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याला) लागतो. हा महिना कुणालाच खरा वाटत नाही आणि सगळे त्यातच सापडतात.

एकच माप, बारा जणांचा संच

प्रत्येकाने मनाला येईल त्या मापाचं काम आणलं की फ्रेमचा खर्च दुप्पट होतो आणि भिंत जत्रेसारखी दिसते. म्हणून प्रदर्शनाचा गाभा एक संच असावा: बारा जण, एकच कागदमाप, प्रत्येकाची एकच एडिशन (एका ठशाच्या ठरवून काढलेल्या, क्रमांक घातलेल्या प्रती). मोठी किंवा प्रयोगाची कामं त्याशिवाय प्रत्येकी एक लावता येतात.

इम्पिरियल शीट ५६ × ७६ सेमी असतो. त्याचे बरोबर चार तुकडे केले की २८ × ३८ सेमीचा कागद मिळतो, काही वाया जात नाही. त्यावर २० × २५ सेमीचं चित्र उभं बसवा. बाजूंना ४ सेमी, वर ५.५ आणि खाली ७.५ सेमी समास राहतो. खालचा जास्त समास सही-क्रमांकासाठी लागतो आणि डोळ्यालाही बरा दिसतो.

एडिशन १५ ची ठेवा. बारा प्रती बारा सभासदांच्या संचांत जातात, एक भिंतीवर, एक गटाच्या कायमच्या संग्रहात, एक विक्रीच्या संचात. त्याशिवाय कलाकाराच्या २ प्रती. झाल्या १७. बिघडतील त्या धरून प्रत्येकाला २० कागद द्या, म्हणजे एकूण २४० तुकडे, ६० पूर्ण शीट. ऑर्डर ६५ ची द्या, पण ते जादा ५ शीट कुणाला वाटू नका, शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

माप एक असावं, कागद एकच असावा हा हट्ट मात्र नको. एचिंगला २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचा) कापसाचा कागद लागतो. तोच कागद घेऊन लिनो हाताने घासून छापायला बसलात तर खांदा जाईल आणि काळा रंग मात्र राखाडीच येईल. हाताने घासणाऱ्यांना ८० ते १२० जीएसएमचा पातळ, लांब तंतूंचा कागद द्या. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद अनेक जण वापरतात. हातकागद कुठलाही घ्या, आधी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब लगेच शोषला गेला तर कागदाला सायझिंग (कमी शोषावं म्हणून दिलेली खळ) नाही. असा कागद चिकट शाईला तंतू सोडतो आणि ठशावर पांढरी लव बसते. तुकडे कात्रीने कापू नका. घडी घालून, घडीवर ओला ब्रश फिरवून, पट्टी धरून फाडा. तंतुदार कडा चारही बाजूंनी सारखी दिसते.

प्रेस

बाहेरगावाहून एचिंग प्रेस आणवण्याआधी शिवाजी उद्यमनगरात चौकशी करा. ओतकाम आणि लेथची एवढी सवय असलेल्या गावात दोन रोलरचा प्रेस बनवणं अवघड नाही. पण कारागिराला नुसतं 'छपाईचा प्रेस' म्हणालात तर तो छापखान्यातलं ऑफसेट यंत्र डोळ्यापुढे आणेल. हातात रेखाटन द्या आणि मापं लिहून द्या.

चतुर्थांश आणि अर्ध्या शीटपर्यंतच्या कामाला पुरेल असा प्रेस असा: बेड (ज्यावर ठसा ठेवतात) ५० × १०० सेमी, १२ मिमी जाडीची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, दोन्ही बाजूंनी सरफेस ग्राइंड केलेली. वरचा रोलर १२५ मिमी व्यासाचा, किमान १२ मिमी भिंतीच्या सीमलेस पाइपचा. टोकांना शाफ्ट वेल्ड केल्यानंतरच तो लेथवर टर्न करून घ्यायचा. इथेच बहुतेक प्रेस बिघडतात. आधी टर्न करून मग वेल्ड केलं की उष्णतेने रोलर किंचित वाकतो आणि छापावर ठरावीक अंतराने फिकट-गडद पट्टे उमटतात. मग शाई बदला नाहीतर कागद बदला, ते जात नाहीत. हँडल थेट रोलरला न लावता किमान १:४ गिअर घाला. दाबाचे स्क्रू दोन्ही बाजूंना असतात, त्यांच्या डोक्यावर खुणा कोरून घ्या म्हणजे प्रत्येकाची सेटिंग वहीत लिहिता येते.

दाब दोन्हीकडे सारखा आहे का, ते पाहायला रोलरखाली डाव्या आणि उजव्या टोकाला वर्तमानपत्राची सारख्या रुंदीची पट्टी अडकवा आणि ओढा. एक सुटली नि दुसरी फाटली तर सुटलेल्या बाजूचा स्क्रू पाव फेरा घट्ट करा. एचिंगला वर लोकरीचे तीन नमदे हवेत, कागदाला लागणारा पातळ आणि घट्ट विणीचा. ओल्या कागदातलं सायझिंग त्याच्यात उतरून तो पुठ्ठ्यासारखा कडक होतो, म्हणून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने अधूनमधून धुवा. लिनोला हे नमदे वापरू नयेत. मऊ नमदा कोरलेल्या खोलगट भागात शिरतो आणि तिथली शाई कागदाला लागते. त्याला कडक पुठ्ठा आणि त्यावर एक पातळ नमदा पुरे.

प्रेस नसेल तर काही अडत नाही. लाकडी डावाची पाठ किंवा स्टीलच्या वाटीचं बूड चांगलं चालतं. कागदावर बटर पेपर ठेवा, मधून कडेकडे गोल गोल घासा, कोपरा उचलून तपासा. २० × २५ सेमीच्या एका प्रतीला दहा ते बारा मिनिटं धरा.

शाई

बिघाडाची सर्वांत जास्त प्रकरणं इथली, म्हणून थोडं थांबून.

तेलाच्या रिलीफ (लिनोसारख्या उठावाच्या ठशाच्या) शाईबरोबर गावातल्या छापखान्यांची ऑफसेट शाई स्वस्तात मिळते आणि काळ्या लिनोला ती उत्तम चालते. रंगीत कामाला सांभाळून. चार रंगांच्या छपाईतले पिवळा आणि मॅजेंटा उन्हात लवकर उडतात. दिवाणखान्यात खिडकीसमोर टांगलेल्या प्रिंटमधली संध्याकाळ काही वर्षांत दुपार होते आणि गिऱ्हाईक गटाच्या नावाने ओरडतं. रंगीत कामाला कलाकारांसाठीची, उजेडात टिकणारी शाई घ्या.

काचेवर जेवणाच्या चमच्याएवढी शाई घ्या, पॅलेट नाइफने मळा, रोलर चारही दिशांनी फिरवा. थर बरोबर असला की रोलरचा बारीक, एकसारखा चर्र असा आवाज येतो आणि पृष्ठभाग मखमली दिसतो. चटचट आवाज आणि संत्र्याच्या सालीसारखे पुटकुळे दिसले तर शाई जास्त आहे. ती बारीक रेघांत भरेल. ठशावर जाड थर एकदम चढवू नका. पातळ थर, रोलर पुन्हा काचेवर, पुन्हा ठशावर, असं चार-पाच वेळा. नव्या लिनोच्या पहिल्या दोन-तीन छापा फिकटच येतात, त्या साध्या कागदावर काढा.

डिसेंबरच्या सकाळी शाई घट्ट असते आणि लिनोही कडक, गोजची (कोरायच्या हत्याराची) पाती घसरते. लिनो दहा मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. मार्च-एप्रिलच्या दुपारी उलटं होतं. शाई पातळ पडते, कडा सुटतात. तेव्हा चमच्याला चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळा. थंडीत फार घट्ट झाली तर जवसाच्या तेलाचे दोन थेंब, त्याहून जास्त नाही. जास्त तेलाने अक्षरांभोवती पिवळट कड उमटते आणि ती वर्षभराने दिसते, तोवर प्रत विकलेली असते.

वाळायला कोरड्या हवेत पातळ थराला तीन-चार दिवस लागतात. पावसाळ्यात आठवडा, कधी त्याहून जास्त. कोबाल्ट ड्रायर घालायचाच तर एक-दोन टक्के. फ्रेम करण्याआधी मात्र किमान दहा दिवस द्या. वरून कोरडी लागणारी शाई आतून वाफ सोडत असते, ती काचेवर धुक्यासारखी बसते.

सफाईला आधी खाण्याचं तेल आणि चिंधी, मग साबणाचं पाणी. रॉकेलची गरज नाही. तेलकट चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बंद ढिगाला आपोआप आग लागते. झाकणाच्या डब्यात पाणी घालून त्यात टाका.

ठशात अक्षरं असतील तर ट्रेसिंग पेपर उलटा करून उतरवा. 'कि' सरळ कोरला की छापताना उभी रेघ उजवीकडे जाते आणि घाईत बघणाऱ्याला उलट्या क ची 'की' वाटते. शिरोरेषा वरच राहते, त्यामुळे मजकूर लांबून बरोबर भासतो आणि चूक चौदाव्या प्रतीला कळते. कोरण्याआधी आरसा धरून बघायला वेळ लागत नाही.

एचिंग करणाऱ्यांसाठी

गटाच्या भाड्याच्या खोलीत नायट्रिक ॲसिड नको. त्यातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसाला घातक आहे. झिंकच्या प्लेटला मोरचूद आणि मीठ पुरतं: १ लिटर पाण्यात ७५ ग्रॅम मोरचूद, ७५ ग्रॅम साधं मीठ. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी यालाही लागतेच. रेघा पंधरा मिनिटांपासून तासाभरात खोल होतात. प्लेटवर तांब्याचा लालसर गाळ साचतो, तो मऊ ब्रशने किंवा पिसाने सतत झाडा, नाहीतर त्याच्याखाली द्रावण पोचत नाही आणि रेघ तुटक येते. द्रावणाचा निळा रंग उडाला की ते संपलं. उरलेलं मोरीत ओतू नका. तांबं माशांना विष आहे आणि गावाचं सांडपाणी शेवटी पंचगंगेकडेच जातं. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत जा, फेस थांबेपर्यंत. खाली बसलेला निळसर-हिरवा गाळ गाळून, वाळवून बरणीत साठवा आणि घातक कचऱ्यात द्या.

तांब्याच्या प्लेटला फेरिक क्लोराइड. तेच भांडं झिंकला वापरू नका, द्रावण तापतं आणि वायू सुटतो.

छापण्याआधी प्लेटच्या चारही कडा कानशीने ४५ अंशांत उतरवा. धारदार कड कागद कापते, आणि महागडा नमदाही.

क्रमांक, सही, वही

पेन्सिलने, चित्राच्या खाली. डावीकडे क्रमांक (४/१५), मधे शीर्षक, उजवीकडे सही आणि वर्ष. पेनाची शाई पसरते, उडते, म्हणून पेन्सिलच. कलाकाराच्या प्रतीवर 'ए. पी.' (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहा. रेघांची खोली, रंगाचा सूर सगळ्या प्रतींत सारखा हवा. जी प्रत मंजूर प्रुफाशी जुळत नाही ती एडिशनमध्ये नको, 'चांगलीच आहे की' म्हणून तर नकोच.

गटाची एकच नोंदवही ठेवा. रकाने: कलाकार, शीर्षक, तंत्र, कागद, एकूण प्रती, ए. पी., छपाईच्या तारखा, प्रेसची सेटिंग, आणि प्रत्येक क्रमांक कुणाकडे गेला. एडिशन पुरी झाली की ठशावर आडवी खाच मारून त्याची एक छाप काढा आणि वहीत चिकटवा. प्रेक्षकाच्या दुसऱ्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही. पंधराही ओरिजिनल, सोळाव्या क्रमांकाची प्रत निघणार नाही, हा बघा खाचलेला ठसा. काही सभासदांना ठसा मारायला जीव होत नाही. मग निदान तो गटाच्या कपाटात कुलपात जाऊ दे. दोन वर्षांनी त्याच ठशाच्या 'खास' प्रती निघाल्या तर आधी प्रती घेतलेल्यांना काय सांगणार?

माउंट आणि भिंत

प्रिंट माउंटवर सेलोटेपने चिकटवणारा फ्रेमवाला बदला. टेपचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. जपानी कागदाच्या बोटभर दोन पट्ट्या वरच्या कडेला, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावा. खळ: १ भाग स्टार्च, ५ भाग पाणी, मंद आचेवर वीस मिनिटं ढवळत. मैद्याची खळही चिकटते, पण कसर आणि झुरळं त्यावर आधी येतात. माउंट बोर्ड आम्लमुक्त घ्या आणि चित्राची खिडकी सही दिसेल एवढी खाली सोडा. सही झाकलेला माउंट ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

४० × ५० सेमीच्या चोवीस सारख्या फ्रेम गटाच्या मालकीच्या करून ठेवल्यात तर दरवर्षी तोच खर्च होत नाही. उभी फ्रेम ४० सेमी, मधे २० सेमी जागा, म्हणजे चोवीस कामांना १४.४ मीटर, साधारण ४७ फूट भिंत लागते. दालन घेताना हे मोजून घ्या, दारं आणि स्विचबोर्ड वजा करून. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेमीवर. शाळांच्या सहली येणार असतील तर १४०. खिळे चालत नसतील तर वरच्या पट्टीवरून नायलॉनच्या दोन दोऱ्या सोडा. एका दोरीवर फ्रेम दोन दिवसांत तिरकी होते. नायलॉन पहिल्या रात्री थोडा ताणतो, म्हणून पातळी उद्घाटनाच्या सकाळी पुन्हा लावा. काच चमकत असेल तर दिवा सरकवा, चित्र नाही.

लेबल छोटं ठेवा: शीर्षक, कलाकार, 'लिनोकट, दोन ठसे', २० × २५ सेमी, एडिशन १५, किंमत. तंत्राचा निबंध लेबलवर नको. त्याऐवजी दालनाच्या दारापासून तिसऱ्या पावलावर एक टेबल मांडा: कोरलेला लिनो, शाई लावलेला लिनो, पहिलं कच्चं प्रूफ, शेवटची प्रत. शेजारी एक भिंग. 'छापील आहे होय?' हा प्रश्न निम्म्याने तिथेच विरतो.

प्रात्यक्षिक

रविवारी दोन तास पुरेत. हौशे-गवशे सगळे येतात, म्हणून आठ-आठ जणांच्या तुकड्या करा, प्रत्येकी वीस मिनिटं. दहा सेंटिमीटरचे आधीच कोरलेले ठसे ठेवा, पाण्याने धुता येणारी शाई, पोस्टकार्डाच्या मापाचे कागद. दोन तासांत सहा तुकड्या, म्हणजे ४८ जण. कागद ८० ठेवा. लहान मुलांच्या हाती गोज देऊ नका, मऊ फोमच्या तुकड्यावर बोथट पेन्सिलने दाबून चित्र काढू द्या, तेही उत्तम छापतं.

मोठ्यांना कोरायला द्यायचं असेल तर प्रत्येकासमोर अडणी हवी. १२ मिमी प्लायचा २० × २५ सेमीचा तुकडा, एका कडेला खालून आणि समोरच्या कडेला वरून लाकडी पट्टी. खालची पट्टी टेबलाला अडते, वरची ठशाला. दुसरा हात नेहमी पातीच्या मागे. बोथट गोज जास्त घसरते, म्हणून सकाळी सगळ्या गोज चामड्यावर पॉलिश लावून ओढून घ्या. टेबलाखाली वर्तमानपत्र अंथरा, दालनाच्या फरशीवरची तेलाची शाई निघता निघत नाही.

विक्री आणि उतरवणं

एका एडिशनला एकच किंमत. भिंतीवर एक आणि ओळखीत दुसरी असं झालं की गटाची पत गेली. एडिशन संपत आल्यावर किंमत वाढवायची पद्धत आहे, पण ती यादीवर आधीच छापा. फ्रेमसह आणि फ्रेमशिवाय अशा दोन किमती ठेवा, बहुतेक लोक फ्रेमशिवाय घेतात. विकल्याची लाल टिकली लावताना तिच्याशेजारी प्रत क्रमांक लिहा, नाहीतर ५/१५ दोघांना विकली जाते. विक्रीतून २० टक्के गटाला धरले तर कागद, शाई आणि पुढच्या वर्षीचं दालनाचं ॲडव्हान्स त्यातून निघतं. प्रत भिंतीवरून लगेच काढून देऊ नका, शेवटच्या दिवशी पावती दाखवून न्यावी. पैसे कुणाच्या खासगी खात्यावर घेण्याऐवजी गटाच्या खात्यावर घ्या. पहिल्या प्रदर्शनाला संस्था नोंदणीची घाई नाही. पुढे करायची तर किमान सात सभासद लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावं लागतं.

बाहेरगावी पाठवायच्या प्रती गुंडाळू नका. दोन प्लायच्या मधे सपाट, प्रत्येक प्रतीवर आम्लमुक्त टिश्यू, आणि सगळ्यावर प्लास्टिक. काचेच्या फ्रेम एसटीच्या पार्सलने पाठवायच्याच असतील तर काच काढून ठेवा.

उरलेल्या प्रती आणि ठसे वरच्या मजल्यावर, भिंतीपासून चार बोटं लांब असलेल्या कपाटात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपर्यंत पाणी होतं. तळमजल्यावरची स्वस्त खोली कागदासाठी महाग पडते. जून लागायच्या आधी प्रत्येक संच उघडून एकदा वारा द्या, सिलिका जेलच्या पुड्या बदला. नोंदवहीची फोटोप्रत दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा आणि सभासदांचा हिशेब प्रदर्शन उतरल्यापासून आठ दिवसांत, सगळ्यांसमोर, वही उघडून मिटवा.